नाचून काय मिळणार?

गॅदरिंगच्या प्रॅक्टिसपायी लेक्चर बुडालं की हा प्रश्न हमखास ऐकावा लागतो. विचारणारे चिडून विचारतात, पण विज्ञानाने तो सिरीयसली घेतला आहे!

पार्किन्सन्स या आजारात मेंदूतल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी कमी होत जातात. हात थरथरतात, हालचाली मंदावतात, चालता चालता पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. आपल्या भाषेत सांगायचं तर मोटर शाबूत आहे, पण स्टार्टचा सिग्नल वेळेवर पोचत नाही. इथे ताल कामाला येतो. आतलं घड्याळ बिघडलं तरी बाहेरच्या ठेक्यावर पाऊल टाकता येतं, असं संशोधक मानतात.

२००१ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये मार्क मॉरिस डान्स ग्रुपने अशा रुग्णांसाठी नृत्यवर्ग सुरू केले. आपल्या पुण्यात नर्तक हृषीकेश पवार यांनी २०१० मध्ये पार्किन्सन्सच्या रुग्णांना नाच शिकवायला सुरुवात केली. हॅकनी आणि अर्हार्ट या अमेरिकन संशोधकांच्या २००९ च्या अभ्यासात टँगो आणि बॉलरूम नाचणाऱ्या रुग्णांचा तोल सुधारलेला दिसला.

आता दुसरी बाजू. नाचामुळे डिप्रेशन बरं होतं का? २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यात यावर फक्त तीन अभ्यास आणि १४७ माणसं सापडली. एवढ्यावरून ठाम काही सांगता येत नाही, असाच त्याचा निष्कर्ष होता. म्हणजे नाच हा चमत्कार नाही आणि त्याच्या भरवशावर गोळ्या बंद करणं हा तर शुद्ध वेडेपणा!

धरमतरला खाडीकाठी माझं आजोळ आहे. आजोबांना हाच आजार. उंबरठ्याशी त्यांचा पाय अडतो. मग मामा टाळ्या वाजवत "एक-दोन, एक-दोन" म्हणतो आणि पाऊल निघतं. पण हळदीत कोळीगीत लागलं की तेच घर म्हणतं, "आबा, तुम्ही बसा, पडाल!" त्यात माया आहे, मान्य. पण ज्या ठेक्यावर पाय उचलतो, त्याच ठेक्यापासून आपण माणसाला लांब बसवतो, त्याचं काय? ब्रुकलिनच्या वर्गाची सुरुवातही खुर्चीत बसूनच होते. आबांनी खुर्चीतून हात हलवले, कुणी बाजूला धरायला उभं राहिलं, तर बिघडलं कुठे?

आठवड्याला पुणे गाठणं खाडीकाठच्या म्हाताऱ्या माणसाला जमणारं नाही. पण पेण-रोह्यात ढोलकी आहे, नाचाची हौस आहे, सरकारी दवाखाने आहेत. डॉक्टरांच्या सल्ल्याने गावातच असा वर्ग का होऊ नये? आणि आपण इंजिनियर लोकांनी नुसतं बघत का बसावं? प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये ॲक्सेलरोमीटर असतो. ठेका असताना आणि नसताना पावलं कशी पडतात, हे मोजणं फायनल इयरच्या प्रोजेक्टला छान विषय आहे.

म्हणून पुढच्या वेळी कुणी विचारलं, "नाचून काय मिळणार?" तर सरळ सांगा, कुणाला तरी पुढचं पाऊल!