भिंतीला कागद लावण्याआधी

धम्मचक्र प्रवर्तन दिन किंवा १४ एप्रिल जवळ आला की आपल्या वस्तीत रंगाचे डबे निघतात. पूर्वी चुन्यात निळीची पुडी टाकली की भागत असे. आता मुलेमुली नोकरीला लागली, त्यांनी इतरांची घरे पाहिली आणि या भिंतीला वॉलपेपर, त्या भिंतीला टेक्स्चर असा आग्रह सुरू झाला. हौस वाईट नाही. ज्यांच्या आईबापांनी जन्मभर दुसऱ्यांच्या भिंती बांधल्या आणि लिंपल्या, त्यांनी आपली भिंत सजवू नये असे आम्ही कोणत्या तोंडाने म्हणावे? पण हप्त्यावर घेतलेला कागद पहिल्याच पावसाळ्यात लोंबू लागला तरी हप्ते चुकत नाहीत. म्हणून वाचक भगिनींसाठी व बांधवांसाठी थोडे सविस्तर लिहितो.

पहिली चौकशी ओलीची करावी. आपली घरे दाटीतली. पलीकडे शेजाऱ्याची मोरी, वर दुसऱ्याचा संडास, एक भिंत पावसाच्या तोंडाला. फूटभर लांबरुंद प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीला लावून चारही कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात आणि एक दिवस, एक रात्र तसाच ठेवावा. आतल्या बाजूस पाण्याचे थेंब जमले तर ओल भिंतीतूनच येत आहे. बाजारातले बरेचसे वॉलपेपर व्हायनिलचे, म्हणजे प्लॅस्टिकचा थर दिलेले असतात. त्यांतून ओल बाहेर पडत नाही, आत कोंडते. मागे काळी बुरशी वाढते आणि वरची फुले मात्र टवटवीत दिसतात. घरात दम्याचे मूल असेल तर हा थाट औषधपाण्यात वसूल होतो. आधी गळती बंद करावी. त्यासाठी सोसायटीकडे किंवा घरमालकाकडे लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. बुरशी कोरडी झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. ब्लीचिंग पावडरचे पाणी वापरायचे तर खिडकी उघडी ठेवावी. त्यात संडास धुण्याचे ॲसिड कधीही मिसळू नये, विषारी वायू सुटतो.

भिंत कोरडी असली तरी तिच्यावरून हात फिरवून पाहावा. जुना चुना किंवा डिस्टेंपर हाताला लागत असेल तर कागद भिंतीला नव्हे, त्या भुकटीला चिकटतो. ती खरवडून, लांबी भरून, प्रायमरचा हात द्यावा. नव्या सिमेंटच्या गिलाव्याला महिनाभर सुकू द्यावे. अजिंठ्याच्या लेण्यांत चित्रांखाली खडकावर माती, दगडाची भुकटी आणि वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा आहे, त्यावर चुन्याचा पातळ थर, आणि मग रंग. गिलावा सुटला तिथे चित्रही गेले. आपल्या दहा बाय दहाच्या खोलीलाही तोच न्याय आहे.

जुना तेलरंग खरवडताना लहान मुले आणि गरोदर बाई घरात नसावी. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दर दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे, हा नियम आपल्याकडे २०१७ मध्ये लागू झाला. त्याआधीच्या रंगात ते बरेच जास्त असू शकते. पाणी लावून पॉलिश पेपर घासला की धूळ उडत नाही.

आता हिशेब. तो दुकानदारावर सोडू नये. नेहमीचा रोल सुमारे २१ इंच रुंद आणि ३३ फूट लांब असतो. भिंत १० फूट रुंद व ९ फूट उंच असेल तर सहा पट्टे लागतात. वरखाली कापायला दोन-दोन इंच धरले तरी एका रोलात तीन पट्टे निघतात, म्हणजे दोन रोलांत भिंत पुरी. मोठ्या फुलांची नक्षी जुळवताना मात्र कागद वाया जातो आणि तिसरा रोल लागू शकतो, म्हणून बारीक नक्षी परवडते. सर्व रोलांवरचा बॅच नंबर एकच असावा. पहिला पट्टा कोपऱ्याच्या भरवशावर लावू नये, दोऱ्याला वजन बांधून ओळंबा सोडावा. जयंतीची पोस्टरे लावणाऱ्या कार्यकर्त्यांना खळ करायला शिकवायला नको, पण घरात मैद्याची खळ झुरळांना बोलावणे धाडते. वॉलपेपरची तयार पावडर मिळते, तीच घ्यावी.

टेक्स्चरचा एवढा बाऊ नको. दाट रंगावर रोलर, स्पंज किंवा कंगवा फिरवून उठाव आणायचा, एवढेच. आमच्या आया-आज्या शेणामातीने सारवताना पाच बोटांनी हेच करीत, आता त्याचे चौरस फुटामागे पैसे मोजावे लागतात! साध्या रंगावर दुसऱ्या रंगाचा स्पंज टिपणे घरच्या मुलांनाही जमते. आधी पुठ्ठ्यावर हात बसवावा. मात्र एकाच खोलीत स्वयंपाक होत असेल तर शेगडीजवळ टेक्स्चर नको आणि वॉलपेपरही नको. टेक्स्चरच्या खाचांत तेल आणि काजळी बसते, कागद पेट घेऊ शकतो. तिथे धुता येणारा गुळगुळीत रंगच बरा.

भगवान बुद्ध व बाबासाहेबांच्या तसबिरी असतात ती भिंत साधी, फिक्या रंगाची ठेवावी असे आमचे मत आहे. भडक नक्षीत तसबीर हरवते. हल्ली त्यांचीच भिंतभर चित्रे वॉलपेपरवर छापून मिळतात. घ्यायचीच असतील तर दोन पट्ट्यांचा जोड चेहऱ्यावरून जाणार नाही, असे दुकानदाराला मापासहित लिहून द्यावे. आणि ती भिंत प्लॅस्टिकच्या तुकड्याने दोनदा तपासावी, त्यांतली एक वेळ भर पावसाळ्यातली असावी.