लंडन जवळ, मालवण लांब!

मुंबई ते लंडन हवाई अंतर साधारण 7,200 किलोमीटर. थेट विमान नऊ-दहा तासांत पोचवतं. मुंबई ते चिपी, म्हणजे आपला सिंधुदुर्ग विमानतळ, जेमतेम साडेतीनशे. विमानाने सव्वा तास.

पण लालबाग-परळचा चाकरमानी गणपतीला गावी जातो तो एसटीने नाहीतर खासगी बसने. पेणला कोंडी, माणगावला परत कोंडी. मालवण येईपर्यंत लंडन गाठून झालं असतं!

चिपीचं उद्घाटन 9 ऑक्टोबर 2021 ला झालं. व्यासपीठावरच नेत्यांची टोलेबाजी झाली. मुंबईची सेवा मात्र नियमित टिकली नाही. आणि महामार्गाचं चौपदरीकरण? 2011 पासूनच्या तारखांच्या बातम्या लिहून मीच कंटाळलो.

माझं म्हणणं सरळ आहे. विमान हवंच, गावी आई आजारी पडली तर त्याच दिवशी पोचता आलं पाहिजे. पण पोरंबाळं, मखराचं सामान घेऊन अख्खं कुटुंब विमानाने जाणार नाही. त्यांचं गाव रस्ताच जवळ आणणार.

म्हणून मत मागायला येतील त्यांना उद्घाटनाची तारीख विचारू नका. परळ ते मालवण किती तास, एवढंच विचारा.

गेल्या गणपतीत तुम्हाला किती लागले? खाली लिहा.