काढा चालतो, गोळी चालत नाही

"दिवस गेलेत ना? मग आता औषध-बिषध काही घ्यायचं नाही हं." हे वाक्य आपल्याकडे इतक्या प्रेमाने म्हटलं जातं, की त्याच्याशी भांडायला गेलं तर आपणच दुष्ट ठरतो. मी आज भांडणार आहे. वीस वर्षं मेडिकलच्या काउंटरमागे उभी राहिल्यावर तेवढा हक्क मिळाला असावा. (नवीन वाचकांसाठी: मी फार्मसिस्ट आहे, डॉक्टर नव्हे. इथे वाचून कुणी कुठलीही गोळी सुरू किंवा बंद करू नये, हे आधीच सांगते.)

माझं म्हणणं एवढंच, की "काहीच न घेणं सगळ्यात सुरक्षित" ही समजूत चुकीची आहे आणि तिच्यापायी आई आणि बाळ दोघांचं नुकसान होतं. आणि गंमत म्हणजे, ज्या घरात हा नियम फार कडक, तिथे तो फक्त डॉक्टरने लिहून दिलेल्या गोळ्यांनाच लागू असतो. लोहाची गोळी "उष्ण पडते" म्हणून बंद, पण कुणा वैदूने वर्तमानपत्राच्या कागदात बांधून दिलेली पूड मात्र रोज दुधातून चालू. त्यात काय आहे विचारलं, तर म्हणे "झाडपाल्याचं आहे". अहो, धोतराही झाडपाल्याचाच!

लोहाच्या गोळ्यांची तर काय कथा सांगू. "सुनेच्या गोळ्या परत घेता का, स्ट्रिप फोडलेली नाही" म्हणून दुकानात येणाऱ्या सासवा मी किती पाहिल्या असतील, मोजदाद नाही. कारण विचारलं की आवाज खाली येतो, "बाळ काळं होतं म्हणतात." काळी होते ती आईची शी, मावशीबाई, बाळ नव्हे! २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायकांना रक्तक्षय निघाला. निम्म्याहून जास्त. सरकार १८० दिवसांच्या गोळ्या फुकट देतं, आणि त्या डब्यात पडून राहतात. बाळ गोरं व्हावं म्हणून केशराची डबी मात्र संपते.

आता ही भीती आभाळातून पडलेली नाही, हेही मान्य करते. थॅलिडोमाइडचं नाव पुष्कळांनी ऐकलं असेल. १९५७ च्या ऑक्टोबरमध्ये पश्चिम जर्मनीत बाजारात आलं, झोपेसाठी आणि पुढे गरोदरपणातल्या मळमळीसाठीही सर्रास घेतलं गेलं, तेही चिठ्ठीशिवाय. १९६१ च्या नोव्हेंबरमध्ये तिथे मागे घेतलं, तोवर जगभरात दहा हजारांवर बाळांना बाधा झाली असा अंदाज आहे. हात-पाय आखूड किंवा नसलेलीच मुलं. अमेरिकेत हे औषध आलं नाही, कारण तिथल्या अन्न व औषध प्रशासनातल्या फ्रान्सिस केल्सी या बाई कंपनीला पुनःपुन्हा एकच विचारत राहिल्या: पुरावा कुठे आहे? कंपनी चिडली, दबाव आणला. बाई हलल्या नाहीत.

मला नेहमी वाटतं, या गोष्टीतून जगाने अर्धाच धडा घेतला. केल्सीबाई "औषध नको" म्हणत नव्हत्या, "तपासून दाखवा" म्हणत होत्या. या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आणि तो फरक विसरला की काय होतं, याची दुसरी गोष्ट फारशी कुणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मळमळीवरच एक औषध होतं, बेंडेक्टिन. डॉक्सिलअमाइन आणि ब-६ जीवनसत्त्व. १९५६ पासून अमेरिकेत मिळायचं, लाखो बायकांनी घेतलं. (योगायोग असा, की केल्सीबाईंकडे थॅलिडोमाइड घेऊन आलेली कंपनी आणि हे औषध बनवणारी कंपनी एकाच घरातली!) सत्तरच्या दशकाअखेरीस कुणीतरी याच्यावरही बाळातल्या दोषांचा आळ घेतला. खटल्यांवर खटले झाले. वास्तविक कुठलंही औषध न घेता जन्मलेल्या शंभर बाळांतही दोन-तीन बाळांना काही ना काही मोठा दोष असतो. लाखो बायका औषध घेत असतील, तर त्यांच्यातल्या काही हजार जणींच्या बाळांतही तो असणारच, त्याला औषध काय करणार? एकामागून एक अभ्यास झाले, दोष सिद्ध झाला नाही. पण कंपनी खटल्यांना कंटाळली आणि १९८३ साली तिने औषध बाजारातून काढून घेतलं.

पुढे काय झालं? बाळांतल्या दोषांचं प्रमाण कमी झालं नाही. वाढलं ते उलट्यांनी बेजार होऊन इस्पितळात भरती होणाऱ्या बायकांचं प्रमाण. शेजारी कॅनडात तेच औषध मिळत होतं, तिथे काही आकाश कोसळलं नाही. शेवटी २०१३ साली, म्हणजे तीस वर्षांनी, अमेरिकेने तेच मिश्रण नव्या नावाने पुन्हा मंजूर केलं. आपल्याकडे डॉक्टर आजही ते लिहून देतात, आणि ती चिठ्ठी घेऊन आलेली मुलगी मला विचारते, "ताई, खरंच घेऊ ना? आई म्हणते उलट्या व्हायच्याच, सहन कर."

सहन कर! हा शब्द नवरा, आई, सासू, शेजारीण सगळ्यांच्या तोंडात तयार असतो. आणि आपल्याकडेच असं नाही हो. २२ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी गरोदर बायकांना पॅरासिटामॉल टाळा, कळ काढा असाच सल्ला दिला, ऑटिझमचं नाव घेऊन. स्वीडनमधल्या सुमारे २५ लाख मुलांच्या नोंदींचा अभ्यास २०२४ मध्येच छापून आला होता. त्यात एकाच आईच्या मुलांची आपसात तुलना केल्यावर असा संबंध दिसला नव्हता. पण भाषण लवकर पोचतं. आमच्या काउंटरवर आठवड्याभरात पॅरासिटामॉलविषयी प्रश्न सुरू झाले. अंगात १०३ ताप, आणि गोळी नको! सुरुवातीच्या महिन्यांतला चढलेला ताप बाळाला स्वतःच बाधू शकतो, हे कोण सांगणार?

मुद्दा हाच आहे. औषध न घेणं म्हणजे काहीच न करणं नव्हे. तेव्हा आपण आजार निवडलेला असतो. दम्याचा पंप बंद केला, तर श्वास आईचा कोंडतो आणि प्राणवायू बाळाला कमी पडतो. फिट्सची गोळी एकदम सोडली आणि जिन्यात फिट आली तर? हो, फिट्सच्या औषधांत व्हॅल्प्रोएट खरोखर वाईट आहे. पोटात असताना ते मिळालेल्या दहांतल्या एका बाळात जन्मजात दोष, आणि तीन-चारांच्या बौद्धिक वाढीत अडचणी येतात. पण त्यावरचा इलाज म्हणजे मूल होऊ द्यायचं ठरवतानाच डॉक्टरकडे जाऊन औषध बदलून घेणं. चाचणीवर दोन रेघा दिसल्या त्या रात्री गोळ्या कचऱ्यात टाकणं हा इलाज नव्हे.

आणि निसर्गाचं म्हणाल, तर न्यूयॉर्कमध्ये २०११-१२ साली सहा गरोदर बायकांच्या रक्तात शिसं सापडलं. त्या भारतात बनलेली आयुर्वेदिक औषधं घेत होत्या. मी आयुर्वेदाच्या विरोधात नाही (घरचे हसतील, मी स्वतः सितोपलादी घेते), पण ज्यावर काय आहे ते लिहिलेलं नाही ते पोटुशीच्या पोटात कसं चालतं? मुलगा व्हावा म्हणून द्यायच्या पुड्या तर आणखी पुढची पायरी. हरियाणातल्या अभ्यासांत असली औषधं घेणाऱ्या आयांच्या बाळांत जन्मजात दोषांचं प्रमाण जास्त आढळलं. तेव्हा कुणी म्हणत नाही, "दिवस गेलेत, औषध नको."

आमच्या धंद्यालाही सोडत नाही. कंबर दुखते म्हटल्यावर काही न विचारता आयबुप्रोफेनची स्ट्रिप कापून देणारे दुकानदार आहेत. विसाव्या आठवड्यानंतर ती वेदनाशामकं बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम करून गर्भजल कमी करू शकतात, असा इशारा २०२० मध्येच अमेरिकेच्या औषध प्रशासनाने दिलाय. (डॉक्टरांनी रक्तदाबाच्या धोक्यासाठी दिलेली कमी मात्रेची अॅस्पिरिन वेगळी, ती मनाने सोडू नका.) पुटकुळ्यांवरच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या तर त्याहून भयंकर, पोटातल्या बाळात मोठी व्यंगं करणाऱ्या. त्या कॉलेजच्या मुली मैत्रिणीच्या सांगण्यावरून मागतात. "दिवस आहेत का, राहण्याची शक्यता आहे का?" एवढं विचारायला दहा सेकंद लागतात. गिऱ्हाईक लाजतं, दुकानदारही लाजतो, आणि स्ट्रिप जाते.

डॉक्टर मंडळीही "कशाला धोका घ्या" म्हणत गरजेचं औषध बंद करून मोकळी होतात. त्यांचंही मी समजू शकते, कारण माहितीच कमी आहे. नव्या औषधांच्या चाचण्यांतून गरोदर बायका वर्षानुवर्षं वगळल्या गेल्या. कोविडच्या लशीचं आठवतं? मूळ चाचण्यांत त्या नव्हत्या, म्हणून आपल्याकडे त्यांना परवानगी मिळाली ती २ जुलै २०२१ ला, दुसरी लाट ओसरत असताना. त्या लाटेत आमच्या भागातल्या दोघी गेल्या, एक सातव्या महिन्यातली. काळजीपोटी बाहेर ठेवलं म्हणे.

बरं, आता घरचं. मावशी, तू हा ब्लॉग वाचतेस हे मला ठाऊक आहे. वहिनीची थायरॉईडची गोळी "पहिले तीन महिने थांबवू, मग बघू" असं तुझं चाललंय, ते दादाकडून कळलं. त्या पहिल्या महिन्यांतच बाळाची स्वतःची थायरॉईड ग्रंथी चालू झालेली नसते गं. त्याच्या मेंदूला लागणारं सगळं आईकडून येतं, आणि म्हणून या दिवसांत त्या गोळीची मात्रा बहुतेकींना वाढवावी लागते. तिची रक्ततपासणी या आठवड्यात करून घ्या आणि रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा. सकाळी उपाशीपोटी थायरॉईडची, आणि लोहाची चार तासांनी. माझ्यावर राग धरायचा तर खुशाल धर, मी रविवारी जेवायला येतेच आहे. पण गोळ्यांची बाटली आज कपाटातून काढून तिच्या हातात दे.