फावल्या वेळीं : शब्दाची मुदत

एका वाचकभगिनीनें या सदराकडे पत्र पाठवून एक घरगुती पेंच विचारला आहे. त्यांच्या एकत्र कुटुंबांतील पुतण्यास एक मास्तर गेलीं सहा वर्षें घरीं येऊन गणित शिकवीत आले आहेत. आतां दहावीच्या परीक्षेस तीन महिने उरले असतां मुलगा म्हणतो, मला नांवाजलेल्या क्लासांत घाला. वडील अनुकूल आहेत. आजोबा म्हणतात, "दहावी होईपर्यंत तुम्हीच" असा शब्द मास्तरांस दिलेला आहे. शब्द तोंडी, आणि तो देणाऱ्या आजीबाई आज हयात नाहींत. अशा शब्दाचें बंधन मागें राहिलेल्यांवर कितपत, असा त्यांचा प्रश्न आहे.

हें पत्र वाचतांच मला अमेरिकेंतील एका मुष्टियोद्ध्याची हकीकत आठवली. गणिताच्या शिकवणीशीं मारामारीचा काय संबंध, म्हणून वाचकांनीं हंसूं नये. पेंच अगदीं हाच होता, आणि त्याचा निकाल तेथें न्यायालयांत लागला.

न्यू यॉर्क राज्यांत कॅट्सकिल या लहानशा गांवीं कस डॅमाटो नांवाचे वृद्ध वस्ताद रहात असत. सुधारगृहांतून आलेला माईक टायसन हा मुलगा त्यांनीं आपल्याजवळ ठेविला व त्याची आई वारल्यावर ते त्याचे कायदेशीर पालक झाले. रोजची मेहनत प्रथम टेडी अ‍ॅटलस नांवाचा तरुण करवून घेई. १९८२ सालीं टायसनच्या वर्तनावरून कडाक्याचें भांडण झालें. वस्तादांनीं शिष्याची बाजू राखली आणि अ‍ॅटलस बाहेर पडला. त्याची जागा केव्हिन रूनी यानें घेतली. हा डॅमाटोंचाच शिष्य. त्याच्याशीं ठरलें तें असें : टायसन हौशी खेळाडू आहे तोंवर रूनीनें विनामोबदला शिकवावें, पुढें तो धंदेवाईक झाल्यावर, जोंवर लढेल तोंवर त्याचा शिक्षक रूनीच. कागद झाला नाहीं. दोन वर्षांहून अधिक काळ रूनीनें एक पैसाही न घेतां शिकविलें.

१९८५ च्या मार्चमध्यें टायसन धंद्यांत उतरला आणि त्याच वर्षीं ४ नोव्हेंबरला डॅमाटो वारले. शब्द देणारा गेला. तरी व्यवस्थापक जिम जेकब्स यांनीं तो पाळला. २२ नोव्हेंबर १९८६ रोजीं ट्रेव्हर बर्बिकला हरवून टायसन विसाव्या वर्षीं जगज्जेता झाला. हेवीवेट गटांत इतक्या लहान वयांत हा मान पूर्वीं कोणास मिळाला नव्हता. कमाईचा दहावा हिस्सा रूनीस मिळूं लागला.

या शिक्षकाचें काम काय, हें समजून घेण्याजोगें आहे. टायसनचा ठोसा लोकांच्या डोळ्यांत भरे. परंतु त्याचें खरें बळ होतें तें मार चुकविण्यांत. हात गालांशीं धरावयाचे, डोकें क्षणभरही स्थिर ठेवावयाचें नाहीं, उंच प्रतिस्पर्ध्याच्या हाताखालून आंत शिरावयाचें, आणि मगच प्रहार. प्रत्येक ठोशास अंक ठरलेला असे. रूनी कोपऱ्यांतून अंक ओरडे आणि शिष्य त्या क्रमानें हात चालवी. असली विद्या एकदां आली म्हणजे कायमची आली, असें नसतें. रोज घोकली नाहीं तर ती उतरते. गाणाऱ्यास आणि गणित करणाऱ्यास हें वेगळें सांगावयास नको.

१९८८ च्या मार्चमध्यें जेकब्सही वारले. २७ जूनला टायसननें मायकेल स्पिंक्सला अवघ्या ९१ सेकंदांत लोळविलें. हा त्याचा ओळीनें पस्तिसावा विजय. आणि त्याच डिसेंबरांत, फ्रॅंक ब्रूनोशीं लढत तोंडावर आली असतां, टायसन यापुढें आपल्याजवळ शिकणार नाहीं, हें रूनीनें वर्तमानपत्रांत वाचलें. टायसनच्या घटस्फोटाविषयीं व व्यवहारांविषयीं रूनी बाहेर बोलला, असें कारण पुढें आलें. शिक्षकाच्या तोंडालाही लगाम हवाच. पण सहा वर्षांचा संबंध संपल्याची बातमी शिक्षकानें वर्तमानपत्रांतून वाचावी, ही रीति कोणत्या घरास शोभेल?

पुढें काय झालें? फेब्रुवारी १९८९ मध्यें ब्रूनो पांचव्या फेरींत हरला. जुलैंत कार्ल विल्यम्सला ९३ सेकंद पुरले. आतां वस्तादाची गरज ती काय, असें कोणासही वाटलें असतें. मग ११ फेब्रुवारी १९९० रोजीं टोकियोंत बस्टर डग्लस समोर आला. आईच्या मृत्यूस तीन आठवडे झालेला हा योद्धा त्या दिवशीं आपल्या आयुष्यांतील सर्वोत्तम लढत लढला. टायसनचें डोकें आतां हालेना. सरळ ठोसे खाऊन त्याचा डोळा सुजून मिटला. दोन फेऱ्यांमध्यें मिळणाऱ्या एका मिनिटांत सूज दाबावयास थंडगार लोखंडाचा तुकडा लागतो. जगज्जेत्याच्या कोपऱ्यांत तोही नव्हता. रबरी हातमोज्यांत बर्फाचें पाणी भरून डोळ्यास लावावें लागलें. आठव्या फेरींत त्यानें डग्लसला पाडलें खरें. परंतु डग्लस उठला, आणि दहाव्या फेरींत टायसन कारकीर्दींत प्रथमच पडून हरला. रूनी असता तर निकाल फिरला असता, असें मी म्हणणार नाहीं. मेहनतींत ढिलाई टायसनची स्वतःची होती. पण ढिलाई दिसतांच खडसावण्याचा अधिकार ज्याचा होता, तो मनुष्य त्या कोपऱ्यांत नव्हता.

रूनीनें दावा लाविला. बचाव असा कीं, ज्याची मुदत ठरलेली नाहीं, असा करार केव्हांही मोडतां येतो. १९९६ सालीं ज्यूरीनें रूनीस सुमारें ४४ लाख डॉलर देवविले. न्यायाधीशांनीं तो निर्णय रद्द केला. प्रकरण वर गेलें. १९९८ सालीं न्यू यॉर्कच्या सर्वोच्च न्यायालयानें मत दिलें कीं, "लढेल तोंवर" हीसुद्धां मुदतच आहे, कारण तिचा शेवट ओळखतां येतो. रूनीचा पैसा कायम झाला.

तर मग शिक्षक बदलूंच नये काय? तसेंही नाहीं. १९९४ सालीं लेनॉक्स लुईस हा जगज्जेता ऑलिव्हर मॅकॉलकडून हरला. त्यानें आपला शिक्षक सोडला, आणि ज्यानें मॅकॉलला तयार केलें होतें त्या इमॅन्युएल स्टुअर्डकडेच तो शिकावयास गेला. १९९७ सालीं त्यानें त्याच मॅकॉलला हरवून पद परत मिळविलें. आपल्यांत काय उणें आहे हें ओळखून, तें भरून काढणारा शिक्षक त्यानें शोधला होता.

भगिनीस माझें सांगणें इतकेंच. प्रथम मुलास विचारा : मास्तरांकडून कोणता भाग कळत नाहीं? त्यानें नेमका भाग सांगितला तर क्लासाचा विचार जरूर करा. नुसतें "मास्तर फार बोलतात" असें म्हणाला, तर मास्तर आणखी तीन महिने बोलोत. बदल करावयाचाच ठरला, तर वडिलांनीं मुलास बरोबर घेऊन स्वतः मास्तरांच्या घरीं जावें. निरोप पाठवूं नये, आणि बातमी शेजाऱ्यांकडून त्यांच्या कानीं जाऊं देऊं नये. परीक्षेपर्यंतचें वेतन पुरें द्यावें, कारण आजीबाईंच्या शब्दाची मुदत तेथवर आहे. आजीबाई गेल्या, शब्द घराचा होता, आणि घर उभें आहे.

आणखी एक गोष्ट वडीलमंडळींनीं ध्यानीं घ्यावी. रूनीस काढिलें १९८८ सालीं. परंतु शिष्य हुशार असला म्हणजे शिक्षकानें निघून जावें, हा धडा टायसनला त्याच घरांत १९८२ सालींच मिळाला होता. मुलें सूत्रें विसरतात. मास्तरांना घरानें कसें वागविलें, हें विसरत नाहींत.