पर्यावरणाचा तास अंगणात भरावा

येवल्याच्या किंवा नांदगावच्या एखाद्या शाळेत सातवीच्या मुलाला विचारावे की वाळवंट कुठे आहे, तर तो राजस्थानचे नाव घेईल. पाठ्यपुस्तकाच्या हिशेबाने त्याला पूर्ण गुण मिळतील. मात्र इस्रोच्या अहमदाबाद येथील केंद्राने उपग्रहचित्रांच्या आधारे तयार केलेला मरुस्थलीकरणाचा नकाशासंग्रह २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात महाराष्ट्राचा ४० टक्क्यांहून अधिक भूभाग ऱ्हास पावलेल्या जमिनीत मोडतो. वाळूच्या टेकड्या दिसल्याखेरीज वाळवंट होत नाही, हा आपला गोड भ्रम आहे. गवत संपते, वरची माती पावसाबरोबर वाहून जाते, खालचा मुरूम उघडा पडतो. मग वाळू येण्याची वाट पाहावी लागत नाही.

निसर्गाने नाशिक जिल्ह्यात या विषयाची प्रयोगशाळाच मांडून ठेवली आहे. पश्चिमेला इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो आणि पूर्वेला येवला, नांदगाव, सिन्नर भागात तो पाचशेच्या आसपास रेंगाळतो. एवढ्या पावसाच्या इगतपुरीतील काही वाड्यांवरही एप्रिल-मे महिन्यांत टँकर जातो. काळ्या पाषाणात पाणी मुरत नाही, उतारावर ते थांबत नाही. म्हणजे पाऊस किती पडला यापेक्षा तो किती अडला, हा प्रश्न महत्त्वाचा. हे शिकवायला याहून बोलका पाठ कोणता? पण आमचा विद्यार्थी ॲमेझॉनच्या जंगलाचे महत्त्व पाच ओळींत लिहितो आणि स्वतःच्या गावच्या विहिरीची खोली त्याला ठाऊक नसते.

पर्यावरण हा विषय शाळांत सक्तीने शिकवावा, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली दिले. अंमलबजावणीसाठी २००३ साली न्यायालयाला पुन्हा कान उपटावे लागले. दरम्यान २००१-०२ मध्ये राष्ट्रीय हरित सेना आली. पुस्तके छापली गेली, प्रकल्पवह्या आल्या, गुणही आले. त्या वह्या पालक तयार करतात, आणि हल्ली तर बाजारात आयत्या मिळतात, हे कोणापासून लपलेले नाही.

प्रत्यक्ष कृती म्हणून काय उरले? वृक्षारोपण. राज्य शासनाने २०१६ साली दोन कोटी रोपांपासून सुरुवात करून २०१९ मध्ये ३३ कोटींचे लक्ष्य ठेवले. शाळाशाळांतून मुले रांगेत उभी राहिली, छायाचित्रे निघाली. फाल्गुनात त्या खड्ड्यांकडे कोण गेले? शिवाय सर्वत्र झाड लावणे म्हणजे पर्यावरण, हीही समजूत तपासायला हवी. येवला तालुक्यातील ममदापूरचे संवर्धन राखीव क्षेत्र काळविटांसाठी आहे. काळवीट गवताळ माळावर जगतो, दाट झाडीत नव्हे. माळरान म्हणजे ओसाड जमीन, हा शब्दार्थ मुलांच्या मनातून काढायचा असेल, तर त्यांना भल्या पहाटे त्या माळावर नेऊन उभे केले पाहिजे.

करण्याजोगे पुष्कळ आहे आणि त्याला पैसा फारसा लागत नाही. सरळ बाजूंची बाटली आणि मोजपट्टी एवढ्यावर पर्जन्यमापक तयार होतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. शाळेचे छत २० मीटर लांब व १० मीटर रुंद असेल, तर ५०० मिलिमीटर पावसात त्यावर एक लाख लिटर पाणी पडते. पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले, तरी १० हजार लिटरचे आठ टँकर उरतात. सहावीतल्या मुलीला हे गणित येते. ज्या दिवशी ती ते आपल्या शाळेच्या छतावर मांडते, त्या दिवशी टँकरमागे धावणाऱ्या आईकडे ती वेगळ्या नजरेने पाहते. दोन बाटल्या आडव्या कापून एकीत गवतासह व दुसरीत उघडी माती भरावी, वरून पाणी ओतावे. कुठले पाणी गढूळ निघते ते मुले स्वतः पाहतील. दिवाळीपासून पाडव्यापर्यंत दरमहा दोरीने विहिरीची पातळी मोजून वहीत नोंदवावी. चांदवडच्या होळकरवाड्यात पायऱ्यांची विहीर आहे. २०२५ मध्ये पुण्यश्लोक अहिल्यादेवींच्या जन्माला तीनशे वर्षे झाली, भाषणे उदंड झाली. त्या विहिरीच्या पायऱ्या मोजायला किती शाळा गेल्या?

शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडते. पाऊस मोजला जातो, विहिरींची पातळी पाहिली जाते आणि त्यावरून कोणती पिके घ्यायची हे ग्रामसभेत ठरते. शेतीसाठी कूपनलिका घ्यायची नाही, हा नियम गावाने स्वतःवर लादून घेतला. शाळकरी मुलेही या मोजमापात सहभागी असतात. अशा गावात पर्यावरणाचे स्वतंत्र पुस्तक नसले तरी चालावे.

अडचण शिक्षकांच्या वेळेची आहे, हे मान्य. अशैक्षणिक कामांनी तो पिचला आहे. पण खरी अडचण पुढची आहे. मुलांच्या वहीतले आकडे गावातल्या मोठ्यांना अवघड वाटतील. प्लास्टिक अंथरलेले शेततळे पावसाच्या पाण्याने भरले की कूपनलिकेतून उपसून, हे मुलगा वर्गात विचारेल आणि ते शेततळे कदाचित शाळा समितीच्या अध्यक्षांचेच असेल. द्राक्ष आणि कांदा यांवर जिल्हा उभा आहे. शेतकऱ्याला दोषी ठरवण्याचा हा उद्योग नाही. पण हिशेबच नको, अशी भूमिका घेऊन गाव वाचत नाही. मुलांचा प्रश्न ऐकून घेण्याची तयारी थोरांनी दाखवावी, शिक्षकाला त्यासाठी एकटे पाडू नये.

नव्या शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीसाठी दप्तराविना १० दिवसांची तरतूद केली आहे. ते दिवस सहलीत न संपवता वर्षभर विखरून ठेवता येतील: एक पावसाळ्यात ओढ्यावर, एक सुगीत शेतावर, एक ऐन उन्हाळ्यात कोरड्या विहिरीच्या काठावर. आमचे अनेक वाचक शिक्षण संस्थांच्या कार्यकारिणीवर आहेत, कित्येक निवृत्त शिक्षक आहेत. एका शाळेची एक वही सांभाळण्याचे काम त्यांनी अंगावर घ्यावे. शाळा जूनच्या मध्यास उघडतात आणि पहिला पाऊस कधी त्याआधीच येऊन जातो. तेव्हा ती बाटली मे महिन्यातच छतावर बसवून ठेवावी लागेल.