बंबाचं जळण आणि बिनभाड्याचा भाडेकरू

वीकेण्डला आंजर्ल्याला गेलो की आमच्या ग्रुपचा कार्यक्रम ठरलेला. कड्यावरच्या गणपतीचं दर्शन घ्यायचं, समुद्रावर उंडारायचं आणि माझ्या आत्याकडे आडवा हात मारायचा. या वेळी मात्र आमच्यातली एक स्वारी पानावर बसायलाच तयार नव्हती. ‘आत्या, माझा उपास आहे हो!’

रात्री झोपाळ्यावर खरं कारण बाहेर पडलं. (त्याला विचारूनच लिहितेय.) नव्या नोकरीच्या मेडिकलमध्ये रिपोर्ट आला होता, हेपटायटिस बी पॉझिटिव्ह. घरी त्याचं ताट-वाटी वेगळी झाली. स्वारीला मोबाइलवर रामबाण उपाय सापडला होता. सोळा-अठरा तास उपाशी राहा, ‘ऑटोफॅजी’ सुरू होते आणि पेशी आतला सगळा कचरा खाऊन टाकतात, व्हायरससकट! आणि डॉक्टर? ‘बघू नंतर.’

आता ऑटोफॅजी ही काही थाप नाही बरं का. ती समजून घ्यायची तर आत्याचं परसू बघा. माडाचं काही म्हणून वाया जात नाही. झावळ्यांचे झाप, हिरांचे खराटे आणि उरलेली सोडणं, करवंट्या खोपटात रचून ठेवायच्या. रोज थोडं जळण बंबात गेलं की सगळ्यांच्या आंघोळीचं पाणी तयार. आपल्या पेशीतही हेच चालतं. मोडकी प्रथिनं, जुने झालेले भाग एका पातळ पडद्याच्या पिशवीत गुंडाळले जातात. ही पिशवी लायसोसोम नावाच्या ‘बंबाला’ जाऊन मिळते, आतला माल विरघळतो आणि सुटे भाग पुन्हा वापरात येतात. जपानच्या योशिनोरी ओसुमी यांनी चक्क यीस्टमध्ये ही यंत्रणा उलगडली आणि २०१६ चं नोबेल पटकावलं.

मग व्हायरसही जळून जायला हवा ना? काही व्हायरस खरंच असे जळतात. पण हेपटायटिसवाले महाबिलंदर!

बी व्हायरसचं ‘एक्स’ नावाचं एक प्रथिन आहे. पिशव्या बनवण्याचं काम ज्या एन्झाइमपासून सुरू होतं, त्यालाच ते जाऊन चिकटतं आणि काम वाढवतं. प्रयोगशाळेतल्या पेशींमध्ये ही यंत्रणा बंद पाडली, तेव्हा व्हायरसच्या नव्या प्रती वाढायच्या सोडून घटल्या. म्हणजे सफाई खाते व्हायरसच्याच पथ्यावर पडलेलं!

सी व्हायरस तर त्याच्याही पुढचा. तो पिशव्या भरपूर बनवायला लावतो, पण त्यांना सुरुवातीला लायसोसोमपर्यंत पोचू देत नाही. त्या पिशव्यांच्या पडद्यावरच स्वतःच्या आरएनएच्या कॉप्या काढत बसतो. जळणाच्या खोपटात कुणी झेरॉक्सचं दुकान थाटावं आणि बंबाची वाटच अडवावी, तसला प्रकार. भाडं? शून्य.

म्हणजे उपाशी राहून हेपटायटिस बी जातो, या म्हणण्याला आधार नाही. पेशीतली सफाई वाढली म्हणजे व्हायरस मेलाच, असं सरळ गणित इथे चालत नाही. आणि या नादात तपासणी लांबली, तर खरा घोळ तिथे होतो. बी वर्षानुवर्षं गुपचूप राहून लिव्हरला सिऱ्हॉसिस किंवा कॅन्सरपर्यंत नेऊ शकतो.

बरं, टेन्शन घेऊन बसण्यासारखंही काही नाही. बी सहसा मुळापासून जात नाही, पण टेनोफोविरसारख्या गोळ्यांनी तो काबूत राहतो. प्रत्येकाला त्या लगेच लागतातच असंही नाही, ते रक्तातल्या व्हायरसचं प्रमाण आणि लिव्हरची अवस्था बघून डॉक्टर ठरवतात. सी तर साधारण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांचा पूर्ण बरा होतो. २८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या सरकारच्या राष्ट्रीय कार्यक्रमात दोन्हींची तपासणी आणि औषधं मोफत आहेत.

आणि मंडळी, आपलं लसीकरणाचं कार्ड एकदा शोधाच. बाळांच्या सरकारी लसीकरणात बीची लस २००२ मध्ये काही ठिकाणीच सुरू झाली, देशभर पोचायला २०११ उजाडलं. तेव्हा आपल्यापैकी बरेच जण तिच्याशिवाय मोठे झालेत. ती आताही घेता येते.

राहता राहिलं ते वेगळं ताट. बी पसरतो रक्तातून, सुया-ब्लेडमधून, असुरक्षित संबंधांतून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला. एका पंगतीत जेवून, मिठी मारून नाही.

झोपाळ्यावरच्या गप्पा आत्याने आतून ऐकल्या असणार. सकाळी तिने सगळ्यांच्या रांगेतच त्याचंही पान मांडलं. तो घुटमळला, तशी म्हणाली, ‘आमच्याकडे वेगळं पान फक्त नैवेद्याचं हो! बस मुकाट्याने.’

स्वारी बसली. दोनदा भात मागून घेतला. आणि हो, सोमवारची डॉक्टरांची अपॉइंटमेंट तिथूनच फोन करून घेतली.