नवऱ्याची सही कशाला?

१० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आला. मसुदा बाबासाहेबांचा, मांडला पी. जे. रोहम यांनी. बाजूने मते ११, विरोधात ५२! बाईच्या कुशीवर बाईचा अधिकार, हे तेव्हाच्या सभागृहाला पचले नाही.

आज कायद्याला पचले आहे, दवाखान्याला नाही. १९७१ च्या गर्भपात कायद्यानुसार सज्ञान स्त्रीची एकटीची संमती पुरते. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने २४ आठवड्यांची मुदत अविवाहितेलाही लागू केली आणि घरच्यांच्या संमतीसारख्या कायद्याबाहेरच्या अटी डॉक्टरांनी घालू नयेत, असे बजावले. तरी खिडकीवर विचारतात, ‘नवरा कुठाय?’ पैसेवालीची सोय खासगीत होते. वस्तीतल्या मोलकरणीचे मात्र हेलपाट्यांत दिवस वर जातात आणि ती भोंदू डॉक्टरच्या हाती सापडते.

मुली पोटातच मारल्या जातील, असा धाक काहीजण घालतात. त्यासाठी गर्भलिंग तपासणीविरोधी १९९४ चा कायदा आहे. सोनोग्राफीवाल्यांना धरा, अडलेल्या बाईला नव्हे.

सरकारी रुग्णालयांनी संमतीचा नियम मराठीत दारावर लावावा, ही आमची मागणी आहे. तोवर आमच्या महिला मंडळांनी कायद्याची प्रत घेऊन अशा भगिनीसोबत खिडकीपर्यंत जावे.